डोंगरावरचा काजू आपोआप येत नाही

फेब्रुवारीच्या मध्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याहून आंबोलीच्या रस्त्याला लागा आणि दोन्ही बाजूंच्या काजूंच्या शेंड्यांकडे बघत चला. एका बागेत शेंडे गुलाबी-पांढुरक्या मोहोरानं भरलेले, खाली उभं राहिलं की गोडसर वास. तिच्या बांधाला लागूनच दुसरी बाग, तिथं तेच शेंडे चुडीनं पोळल्यासारखे काळेठिक्कर. माती तीच, पाऊस तोच, कलमंही बहुतेक एकाच रोपवाटिकेतली. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: थंडीनं करपला, नाहीतर ढगाळ हवेनं गेला. थंडी काही सातबारा बघून पडत नाही.

मोहोर करपलेला नसतो, शोषलेला असतो. हे काम ढेकण्याचं. औषधाच्या दुकानात त्याला टी मॉस्किटो म्हणतात आणि त्या नावामुळं पुष्कळ जण डास शोधत बसतात. डासाशी त्याचं काही नातं नाही, हा ढेकणाच्या गोतावळ्यातला. अंग तांबूस-तपकिरी, डोकं काळं, मिशा अंगापेक्षा लांब, लांबी जेमतेम 6 ते 8 मिलिमीटर. ओळखायची पक्की खूण पाठीवर असते: बारीक दांडा आणि त्याच्या टोकाला गोळा, जणू कुणी टाचणी उभी खोचली आहे. एकदा दिसली की दुसऱ्या कुठल्या किड्याशी गल्लत होत नाही.

तो कोवळ्या फांदीत सोंड खुपसून रस ओढतो, आणि ओढताना लाळ आत सोडतो. खरं नुकसान लाळेचं. टोचलेल्या जागी आधी पाण्यानं भिजल्यासारखा डाग, मग तो तपकिरी, मग काळा. जवळून बघितलं तर डागाच्या तोंडाशी डिंकाचा बारीक थेंब सुकलेला सापडतो. असे दहा-बारा डाग एकमेकांना भिडले की वरचा सगळा तुरा वाळतो. मेलेल्या भागात मागाहून बुरशी शिरते, शेतकऱ्याला ती बुरशी दिसते आणि तो बुरशीनाशक आणून मारतो. पैसे गेले, किडा जागेवर. मोहोरातून वाचलेल्या वाटाण्याएवढ्या बियांवरही हाच किडा बसतो. बीवर खोलगट काळे ठिपके पडतात, बी सुकते आणि गळते.

ढेकण्या शोधायचा तर सकाळी ऊन चढायच्या आत किंवा चारनंतर. दुपारी तो पानांच्या आत सावलीला जातो आणि "आमच्यात किडा नाही" असा गैरसमज तिथंच होतो. बागेतली दहा झाडं धरा, प्रत्येकाच्या चारी बाजूंची नवी पालवी खालून उलटी करून बघा. ताजे, भिजल्यासारखे डाग दिसले तर किडा आजच तिथं आहे. सगळे डाग वाळून काळे पडले असतील तर आता औषधापेक्षा पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवणं जास्त उपयोगाचं.

कारण सगळा खेळ तारखांचा आहे. पाऊस उघडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवी पालवी फुटते आणि ढेकण्या वाढायला सुरुवात होते. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याचा जोर असतो, आणि नेमका तेव्हाच मोहोर. म्हणून फवारण्या तीन: पहिली पालवी फुटताना, दुसरी मोहोर बाहेर पडू लागताना, तिसरी बी धरल्यावर. आपल्याकडं बहुतेक बागांत पहिली चुकते. मोहोर दिसल्याशिवाय कुणी पंप बाहेर काढत नाही, आणि तोवर पालवीवर एक पिढी वाढून तयार झालेली असते. लॅम्डा सायहॅलोथ्रीन 5 टक्के असेल तर 10 लिटर पाण्याला 6 मिली, प्रोफेनोफॉस 50 टक्के असेल तर 10 मिली. एकच औषध तिन्ही वेळा मारू नये, आणि डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय तर मुळीच नाही. मोहोर पूर्ण फुललेला असताना सकाळची फवारणी म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. काजूच्या तुऱ्यात बहुतेक फुलं नर असतात, बी धरणारी फुलं थोडीच, आणि त्यांच्यापर्यंत पराग नेणाऱ्या मधमाश्या, माश्या आणि मुंग्या त्या वेळी फुलांवर असतात. संध्याकाळी मारा.

दोन गोष्टी कुणी फारशा बोलत नाही. एक, ढेकण्या कडुनिंबावर आणि पेरूवरही जगतो. बांधावरचा कडुनिंब कीड घालवतो अशी आपली समजूत, इथं तो किड्याला आसरा देतो. फवारणी करताना त्याच्या कोवळ्या शेंड्यावरही फवारा गेला पाहिजे. दुसरी, एकट्यानं फवारून आठ-दहा दिवसांत शेजारून किडा परत येतो. वाडीतल्या पाच-सहा जणांनी एकाच आठवड्यात फवारलं तर औषध कमी लागतं. बैठका घेऊन हे होत नाही, एकच एचटीपी पंप, म्हणजे जोराच्या दाबानं फवारणारा पंप, भाड्यानं आणून ओळीनं बागा घेतल्या की होतं. आणि झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर त्यांना हात लावू नका. बी वेचताना कडकडून चावतात हे खरं, पण ज्या झाडावर त्यांचा राबता असतो तिथं ढेकण्या टिकत नाही.

आता मुळाकडं. कोल्हापूर जिल्ह्यात काजू सगळीकडं लावायचं झाड नाही. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात पाऊस, शिरोळात 500 च्या आसपास, मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीत ऊस पिकतो म्हणून काजूही पिकेल असं नाही. पाणी धरून ठेवणारी भारी जमीन काजूच्या मुळांना गुदमरवते. त्याला लागतो आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरीचा तांबडा जांभा, जिथं पाणी पडलं की निथळून जातं. ब्राझीलहून हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलं, त्यांच्या ‘काजू’ या उच्चारासकट, आणि तिथून ते घाट चढून वर आलं. मुरमाड उतारावर तग धरतं म्हणून ‘पडीक जमिनीचं पीक’ हा शिक्का बसला तो अजून पुसलेला नाही. तगणं वेगळं, पिकणं वेगळं.

घाटावर आणखी एक अडचण आहे, ती कोकणातल्या पुस्तिकांत सापडत नाही. समुद्रसपाटीजवळ जो मोहोर डिसेंबरात येतो, तो उंचीवर, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, उशिरा फुटतो. मोहोर उशिरा म्हणजे बी उशिरा. फूल धरल्यापासून बी पक्व व्हायला साधारण 50 ते 60 दिवस लागतात. फेब्रुवारीअखेर धरलेली बी एप्रिलच्या शेवटी जमिनीवर पडते, आणि आपल्याकडं तेव्हाच वळीव सुरू होतो. भिजलेली बी काळी पडते, दोन दिवस ओल्या पाचोळ्यात राहिली तर आत गराला बुरशी धरते. म्हणून वेंगुर्ल्याच्या माणसाला जी जात उत्तम वाटते ती आंबोलीच्या वर तशीच वागेल असं गृहीत धरू नका. आपल्या वाडीत, आपल्या उंचीवर जे झाड सगळ्यांत आधी मोहोरतं ते शोधा आणि त्याच्या काड्या कलमाला द्या.

विकत घ्यायची कलमं बहुतेक वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 असतात. दोन्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आलेल्या, पहिली 1981 ची, दुसरी 1997 ची. चारची बी सुमारे पावणेआठ ग्रॅमची, बोंड (बी ज्याला लटकते ते रसाळ फळ) तांबडं. सातची बी दहा ग्रॅमच्या आसपास, बोंड पिवळं. म्हणजे सातच्या किलोत शंभरेक बिया बसतात, जुन्या गावठी झाडाच्या किलोत दोनशे ते अडीचशे. वेचणाऱ्या बाईला प्रत्येक बीसाठी वाकावं लागतं, त्यामुळं हा फरक मजुरीत सरळ दिसतो.

कलम घेताना जोड बघा. मृदुकाष्ठ (कोवळ्या लाकडाच्या) कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर वर असतो, तिथं प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. लावल्यावर ती पट्टी काढायची राहून जाते, खोड जाड होतं, पट्टी आत रुतते आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाऱ्यानं झाड बरोबर तिथंच मोडतं. जोडाच्या खाली फुटणारा प्रत्येक फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा, गावठी. तो कोवळा असतानाच नखानं खुडा. नाहीतर तीन वर्षांनी वेंगुर्ला-7 म्हणून जपलेलं झाड बारक्या बियांचं निघतं आणि शिव्या रोपवाटिकेला बसतात.

खड्डा 60 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल. कातळासारखा जांभा लागला तर मीटरभर घ्यावाच लागतो, तिथं टिकाव चालत नाही, पहार लागते. उन्हाळ्यात खणून तापू द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत कच्चं असेल तर वाळवीला आमंत्रण. अंतर 7 बाय 7 मीटर धरलं तर एकरात ऐंशीच्या आसपास झाडं बसतात, 8 बाय 8 धरलं तर साठेक. इथं लोभ नडतो. काजूचा मोहोर फक्त बाहेरच्या, उन्हातल्या नव्या शेंड्यांवर येतो. फांद्या एकमेकींत घुसल्या की मधली बाजू कायमची मुकी. पाच मीटरवर लावलेली बाग सातव्या-आठव्या वर्षी दाट, हिरवीगार, बघायला देखणी असते आणि बी मात्र फक्त टोकाला, शिडीला न पोचणाऱ्या उंचीवर.

उतारावर प्रत्येक झाडाभोवती खालच्या अंगाला मातीचा अर्धचंद्र घाला. आपल्या पावसात पहिल्याच जूनमध्ये खत वाहून जातं, ते त्याच्यामुळं अडतं. पहिल्या दोन वर्षांत येणारा मोहोर काढून टाका. जीव तुटतो, पण झाडाला आधी अंग भरू द्यावं लागतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक-दीड घागर पाणी मिळालं तरी कलम जगतं. मोठ्या झाडाला काजू पाणी मागत नाही असं म्हणतात. मागत नाही, पण दिलं तर हिशोब चुकता करतो: सोय असेल तर जानेवारी ते मार्च दर पंधरा दिवसांनी झाडाला 200 लिटर.

खत ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस ओसरला की. चार वर्षांपुढच्या झाडाला 1 किलो नत्र, 250 ग्रॅम स्फुरद, 250 ग्रॅम पालाश. गोणीच्या भाषेत सव्वादोन किलोला थोडा कमी युरिया, दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चारशे ग्रॅम पोटॅश. पहिल्या वर्षी याचा चौथा हिस्सा, दरवर्षी एक-एक हिस्सा वाढवत न्यायचा. बुंध्यापासून दीड मीटरवर वीतभर खोल चर मारून द्या आणि माती ओढा. बुंध्याशी ओतलेलं खत तण खातं, काजूची खाणारी मुळं तिथं नसतातच.

आता झाड मारणाऱ्या किडीबद्दल. ढेकण्या एका वर्षाचं पीक नेतो, रोठा, म्हणजे खोड आणि मुळं पोखरणारी भुंगेऱ्याची अळी, झाडच नेतो. भुंगेरा डिसेंबर ते मेच्या दरम्यान बुंध्याच्या सालीच्या भेगांत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर अंडी घालतो. अळी साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर खात वळसे घेत फिरते. बाहेर काय दिसतं? बुंध्याशी, अगदी मातीच्या रेषेवर, भुश्याचा लहानसा ढीग, डिंकात कालवलेला. एवढंच. वर झाड हिरवं असतं. पानं पिवळी पडून गळायला लागली की समजा अळीनं बुंध्याला जवळजवळ पूर्ण फेरा मारलाय, आता वैद्य बोलावून उपयोग नाही.

म्हणून जानेवारी ते मे महिन्यातून एकदा प्रत्येक झाडाच्या बुंध्याचा पाचोळा हातानं बाजूला सारून बघायचं. भुसा दिसला की पटाशी आणि छोटा हातोडा घ्या. भुसा जिथून येतो तिथली साल उकला, ती आतून पोकळ वाजते. खाली ओलसर भुश्यानं ठासलेला बोगदा लागेल. त्याच्या मागं जात राहा, डावीकडं, उजवीकडं, खाली मुळात. शेवटी पांढरी, गुबगुबीत, बोटाएवढी अळी सापडते, एका झाडात तीन-चारही असतात. कधी लाकडात खडूसारखं टणक कवच लागतं, त्यात कोष असतो, तोही काढायचा. एक अळी काढून समाधान मानलं की काम फुकट. जखम साफ केल्यावर क्लोरपायरीफॉस 20 टक्के, लिटरला 10 मिली, त्या भागावर चोळून बुंध्याशी मुळांतही ओता. निम्म्याहून जास्त घेर खाल्ला असेल तर मन घट्ट करून झाड मुळासकट काढा आणि जाळा. वाळलेलं झाड ‘सरपणाला होईल’ म्हणून उभं ठेवणं म्हणजे शेजारच्या दहा झाडांसाठी भुंगेरे पाळणं. मीटरभर उंचीपर्यंत खोडावर एक भाग डांबर आणि दोन भाग रॉकेलचा लेप दिला तर अंडी घालायला जागा उरत नाही. जाड फांदी कापली तर घावावर बोर्डो पेस्ट लावा: 10 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना.

वणव्याबद्दल थोडक्यात, कारण उपाय एकच आहे. गवत चांगलं येतं या समजुतीनं डोंगराला काडी लावायची खोड अजून गेलेली नाही. एक झळ काजूच्या बुंध्याला पुरते. डिसेंबर संपायच्या आत बागेभोवती चार-पाच मीटरचा पट्टा गवत कापून, झाडून मोकळा करा. आच्छादनासाठी टाकलेलं गवत खोडापासून हातभर लांब ठेवा.

बी झाडावरून तोडायची नसते, पडू द्यायची असते. पण चोरीच्या भीतीनं अर्धी-कच्ची पाडली जाते आणि मग कारखान्यात भाव पडतो म्हणून तक्रार. कारखानदार मूठभर बिया पाण्याच्या बादलीत टाकतो, तरंगल्या की बोलणं संपलं. पडलेल्या बीचं बोंड पिळून काढताना देठाशी मांस राहू देऊ नका, तिथूनच बुरशी सुरू होते. दोन-तीन दिवस कडक उन्हात, दर दोन तासांनी हालवत वाळवा. नखानं टरफलावर खूण उमटत नसेल आणि मूठ हालवल्यावर खडखड आवाज येत असेल तर वाळली. नंतरच पोत्यात, पोती फळीवर, भिंतीपासून लांब.

चांगल्या बीच्या किलोतून 280 ते 300 ग्रॅम गर निघतो. वाफ देऊन, एक दिवस निवू देऊन, हातापायाच्या कटरवर फोडून, भट्टीत सुकवून, सालपट काढून मग प्रतवारी. पाकिटावरचा 240 किंवा 320 हा आकडा म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान तेवढा काजू मोठा. दुकानात ‘320 म्हणजे भारी’ असं सांगणाऱ्याला हे ठाऊक नसतं, किंवा चांगलंच ठाऊक असतं.

मार्चमध्ये बाजारात ओले काजू येतात, उसळीसाठी. त्याआधी खोबरेल. काजू आणि बिब्बा एकाच घराण्यातले, टरफलातलं तेल तसंच उततं, आधी काळं डागतं आणि दोन दिवसांनी कातडं सोलतं. हाताला मनगटापर्यंत आणि विळीच्या पात्याला तेल चोळा, बी उभी धरून मधोमध कापा, गर सुईनं किंवा पातळ काडीनं उचला, बोटानं नाही. गर कोमट पाण्यात अर्धा तास टाकला की सालपट आपोआप सुटतं. काम संपेपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही, आणि टरफलं चुलीत घालायची नाहीत. तेल भडकतं, धूर डोळ्यांत आणि घशात जातो. अंगणात खड्डा खणून पुरा.